जुन्या दप्तरांत मूळपुरुषाचा शोध

मनमाडाहून पूर्वेस निघालेली आगगाडी नगरसूल, रोटेगांव हीं ठाणीं घेत लासूर स्टेशनास येते, आणि पुढें पोटूळ, दौलताबाद ओलांडून छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहरास, पोहोंचते. हा लोहमार्ग इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाला. स्टेशनाभोंवतालची पेठ अर्थातच त्यानंतरची. रुळांच्या दोहों बाजूंस दिसणारीं काळीं शेतें मात्र त्याहून कितीतरी जुनीं आहेत. तीं प्रथम कोणीं नांगरलीं?

ह्या प्रश्नाचें उत्तर बहुतेक घरीं तयार असतें. मूळपुरुष घोड्यावर बसून आला, सूर्य मावळेपर्यंत त्यानें जेवढी दौड मारली तेवढी जमीन त्यास बहाल झाली, ही कथा आम्हीं निदान पांच घरीं ऐकली आहे, आणि ती आमच्याही घरीं होती. इतक्या घोड्यांच्या दौडीस पुरेल एवढी जमीन सबंध गंगापूर तालुक्यांत नाहीं! गेल्या वर्षीं कांहीं विद्यार्थ्यांनीं आपापली वंशावळ लिहून आणली, तेव्हां असें दिसलें कीं बहुतेकांची माहिती पणजोबांपाशीं संपते, आणि त्यापुढें एकदम घोडा लागतो. पणजोबा आणि घोडा ह्यांच्या मधल्या जागेंत काय शोधावें व कोठें शोधावें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे. सरकारी दप्तर पणतवंडांसाठीं लिहिलेलें नसतें, तें साऱ्यासाठीं लिहिलेलें असतें. ज्याच्याकडून पैसा यावयाचा त्याचें नांव त्यांत येतें; ज्याच्याकडून यावयाचा नाहीं तो कितीही कष्टाळू असो, दप्तरास त्याची ओळख नसते. म्हणून पूर्वज शोधणारानें प्रथम सारा कसा आकारीत व कसा वसूल करीत हें शिकावें.

शोधाचा आरंभ आजच्या सातबाऱ्यापासून करावा. गांव नमुना सात व गांव नमुना बारा ह्यांचा जोड कागद तो सातबारा. सातांत जमीन कोणाची तें असतें, बारांत पीक कोणतें तें. नांवांजवळ वर्तुळांत जे आंकडे लिहिलेले दिसतात ते फेरफाराचे. लोक सातबारा काढतात तो कर्जासाठीं, त्यामुळें त्या वर्तुळांकडे कोणी पाहत नाहीं. वंश शोधणारास मात्र त्यांचेंच बोट धरून मागें जावयाचें असतें. फेरफाराची वही म्हणजे गांव नमुना सहा. अमका मयत झाला, त्याचे वारस हे, अशी नोंद तींत तारखेसह सांपडते. वारसांची निराळी वहीही असते, तिला सहा-क म्हणतात. एक फेरफार म्हणजे बहुधा एक पिढी. वाटेंत एक खांच लागते ती अशी कीं, जमिनींचें एकत्रीकरण होऊन जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले आहेत. तेव्हां आपल्या गटांत कोणता जुना नंबर बसला आहे हें जुन्या-नव्या नंबरांच्या तक्त्यावरून आधीं पाहून घ्यावें, नाहीं तर शेजाऱ्याच्या पूर्वजांस आपले समजण्याचा प्रसंग येतो.

पुढें १९४८ हें साल ओलांडावें लागतें. त्या वर्षाच्या १७ सप्टेंबरापर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यास जोडला गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. म्हणून पुण्या-नगरकडील सोयऱ्यांनीं सांगितलेली रीत येथें जशीच्या तशी चालत नाहीं. आपल्याकडे १९५४-५५ चें खासरा पाहणी पत्रक ही पहिली भक्कम पायरी होय. त्याच्या मागें निजामी अमदानींतील पाहणी पत्रकें, आणि त्यांच्याही मागें सर्व्हेच्या वेळचें सेतवार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथें मोजणी झाली. शेतांस नंबर पडले, मातीचा कस पाहून प्रत ठरली, बिघ्यांच्या जागीं एकर-गुंठे आले. त्या मोजणीवरून बनलेल्या सेतवारांत नंबर, क्षेत्र, आकार आणि कब्जेदाराचें नांव एका ओळींत असतें. संस्थानचा कारभार आधीं फारशींत चाले, १८८४ च्या सुमारास तो उर्दूंत आला, आणि खेड्यांतील कुलकर्णी आपली वही मोडींत लिही. एकाच शेताची हकीकत वाचावयास अशा रीतीनें निरनिराळ्या लिप्या लागतात. मोडीस भिण्याचें कारण नाहीं. नांवें आणि आंकडे ओळखण्यापुरती ती कोणाही चिकाटीच्या विद्यार्थ्यास सुटींत शिकतां येईल. उर्दूसाठीं मात्र गांवांतील एखाद्या वृद्ध मौलवीसाहेबांकडे अगर जुन्या संस्थानी शाळेंत शिकलेल्या आजोबांकडे जावें, आणि असे आजोबा आतां फार थोडे राहिले आहेत, म्हणून लवकर जावें.

दप्तरांतील कांहीं लहान शब्दांवर मोठे अर्थ अवलंबून असतात. 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. 'भ्रतार' हा शब्द आला तर त्यापुढें नवऱ्याचें नांव असतें. 'अ. पा. क.' दिसलें तर खातेदार अज्ञान असून कोणी वडील माणूस त्याचा पालनकर्ता आहे, असें समजावें. म्हणजे त्या सुमारास त्या घरांतील कर्ता पुरुष गेला होता. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरें असलीं कीं, धाकटे भाऊ त्या नांवाआड उभे आहेत असें ओळखावें. निजामी कागदांत थोरल्याच्या नांवें पट्टा असे, म्हणून त्यास पट्टेदार म्हणत, आणि त्याच्या हाताखालच्या हिस्सेदारांस शिकमीदार. आमचे पूर्वज पट्टेदारांच्या रकान्यांत नाहींत म्हणून निराश होऊन परतलेले लोक आम्हीं पाहिले आहेत. ते शेजारचा रकाना वाचतेना.

आणखी एक फसवी गोष्ट. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची आपली चाल असल्यामुळें रामजी बिन शिवजी, शिवजी बिन रामजी, पुन्हा रामजी बिन शिवजी, असा झोंका एकसारखा चालतो, आणि जुन्या कागदांत आडनांव बहुधा नसतें. तेव्हां नांवावर विसंबूं नये, नंबरावर विसंबावें. माणसें बदलतात, शेत जागचें हालत नाहीं.

सालाचेंही असेंच. निजामी कागदावर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो. परंतु संस्थानचें फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबराच्या आरंभापासून लागे, म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांस ५९१ मिळवावे. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन असतो आणि त्याचे आंकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. 'खमस सबैन अलफ' हे मंत्राक्षरांसारखे वाटणारे शब्द म्हणजे पांच, सत्तर आणि हजार, मिळून १०७५. त्यांत ५९९ मिळवा: १६७४, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचें साल. हें एकदां जमलें म्हणजे रूक्ष कागदही बोलूं लागतो, ह्याचा अनुभव आम्हांस आमच्याच घरच्या शोधांत आला, तो सांगतों.

आमच्या शेतांपैकीं एका तुकड्यास घरांत 'म्हातारीचें' म्हणतात. कोणती म्हातारी, असें कोणीं कधीं विचारलें नाहीं. शेतांस नांवें असतातच. खासरा पाहणी पत्रकांत तो तुकडा आमच्या आजोबांच्या नांवें मिळाला. त्यामागील पाहणींत पणजोबांचें नांव, वल्द म्हणून त्यांच्या वडिलांचें. येथवर सर्व कथेप्रमाणें झालें. पणजोबांचे वडील हेच आमचे घोड्यावरचे मूळपुरुष. पुढें, पूर्वीं कुलकर्णपण असलेल्या एका घरीं माळ्यावर वसूल-बाकीच्या वह्यांचा एक रुमाल आहे असें कळलें. घरधन्यांनीं तो मोठ्या मनानें सोडूं दिला. अर्धा वाळवीनें नेला होता. उरलेल्या अर्ध्यांत फसली १३०८ च्या वहींत आमच्या मूळपुरुषाचें नांव निघालें. घोड्याचा उल्लेख नव्हता. बाकी थकल्याचा होता.

फसली १३०९ च्या वहींत त्याच नंबरापुढें 'पडीत' एवढाच शब्द. १३१० ची वही वाळवीची झाली होती. १३११ च्या वहींत तो नंबर पुन्हा लागवडीस आलेला, आणि पुढें एका बाईचें नांव, त्यानंतर जौजे, त्यानंतर आमच्या मूळपुरुषाचें नांव. पुढच्या वह्यांतही तीच, आणि खालीं आमचे पणजोबा, अज्ञान.

आम्ही नंबर जुळवण्याच्या नादांत होतों, म्हणून साल मोजण्याचें प्रथम राहूनच गेलें. मग ५९० मिळविले. फसली १३०९ म्हणजे इ. स. १८९९-१९००; विक्रम संवत् १९५६ वरून ज्यास छप्पनचा दुष्काळ म्हणतात, तें वर्ष. त्या वर्षीं पाऊस गेला, बैल गेले, आणि वहींतून एक माणूस गेला. इकडे रूळ नव्यानें पडले होते त्याच सुमाराची ही गोष्ट. आमच्या घरच्या कथेंत जमीन मिळविणारा घोडेस्वार होता. पडलेली जमीन पुन्हा नांगराखालीं आणणारी त्याची विधवा तींत नव्हती.

आतां असें कोणी म्हणेल कीं ती कांहीं पहिली नांगरणारी नव्हे. तिच्या आधींही तें शेत होतेंच. हें खरें आहे. परंतु आपल्या मुलुखांत 'पहिला' हा शब्दच जपून वापरावा लागतो. येथील भुई अनेकदां वसली आणि अनेकदां ओसाड पडली. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली आणि ह्या प्रांतांत साऱ्याची व्यवस्था लावली. १६२६ सालीं तो वारला आणि १६३० ते ३२ च्या भयंकर दुष्काळानें व लढायांनीं गांवेंच्या गांवें उठलीं. पुढें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान ह्यानें रयत परत आणून वसविण्याचे व धारा ठरविण्याचे प्रयत्न केले. प्रत्येक उठावणीनंतर कोणी तरी पहिलाच असे. अशा माणसास बोलावण्याची जी रीत होती तिला इस्तावा म्हणत. पडीत जमीन उचलणारास कौल मिळे: पहिल्या वर्षीं सारा नांवापुरता, दुसऱ्या वर्षीं थोडा अधिक, असा चढत चढत ठराविक वर्षांनीं पूर्ण धारा. ज्या घराण्यास आपला मूळपुरुष खरोखर शोधावयाचा आहे त्यानें सनदेपेक्षां असा कौल सांपडतो काय हें पाहावें. सनद मोठ्यांस मिळे. कौल नांगर धरणारास मिळे.

जुना वसलेला तो मिरासदार, नवा आलेला तो उपरी. मिरासदारांच्या घराण्यांच्या जमिनींच्या वाट्यांस थळ म्हणत, आणि थळास मूळ घराण्याचें नांव चिकटून राही. घराणें नष्ट झालें म्हणजे जमीन 'गतकुळी' होई. ती दुसऱ्यास दिली तरी थळाचें नांव पहिल्याचेंच. ह्या थळांची गांववार यादी म्हणजे थळझाडा. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें दक्षिणेंतील अशा याद्या तपासल्या आणि १८३५ सालीं त्यांविषयीं लिहिलें. शेजारच्या नगर प्रांताकडे त्या अधिक मिळतात. ज्यांचा एकही वंशज उरला नाहीं अशा कुळांचीं नांवें केवळ मातीस लागून राहिलीं आहेत, हें वाचतांना मन कांहीं वेळ थांबतें.

मोठ्या घराण्यांचा शोधही शेवटीं शेतसाऱ्याच्या कागदावरच येऊन टेकतो. लासुराहून वेरूळ फार दूर नाहीं. तेथील भोसले घराण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. शिवाजी महाराजांचे पणजोबा बाबाजी भोसले ह्यांच्याकडे हिंगणी बेरडी व देवळगांव येथील पाटिलकी होती. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी निजामशाहीच्या चाकरींत चढले. बाबाजींपासून पुढची परंपरा इतिहासकार बिनवाद मान्य करतात. त्यापूर्वींच्या पिढ्यांची चितोडच्या सिसोदियांशीं जोडलेली सांखळी मात्र आजही वादाचा विषय आहे. एवढ्या प्रतापी कुळाचीही जर ही स्थिति, तर आमचा घोडा हरवला ह्याचें आम्हांस फारसें वाईट वाटूं नये.

सरकारी दप्तराबाहेरही वह्या आहेत. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांव व कूळ ह्यांच्या क्रमानें यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आजोबा तेथें श्राद्धास गेले असतील तर बापाचें, आजाचें नांव सांगून आले असतील. शाळांची दाखल-खारीज नोंदवही आम्हां शिक्षकांच्या हाताखालचीच. तींत बापाचें नांव, जात, जन्मतारीख आणि गांव असतें. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि ह्यांनीं सर सालारजंग ह्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हें गांव वसविलें. मिशनाच्या अशा वस्त्यांतील कुटुंबांस बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या वह्यांचा उपयोग होतो, आणि बाप्तिस्म्याच्या वहींत बापाबरोबर आईचेंही नांव असतें. साऱ्याच्या वहींत आई दिसावयास बाप मरावा लागतो.

हे जुने कागद आज अनेक घरीं नुसत्या कुतूहलाचे राहिलेले नाहींत. मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, आणि पाहणी पत्रकें, खासरा, शाळांच्या नोंदवह्या, मोडी व उर्दू रुमाल गांवोगांव उघडले गेले. २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियराविषयींचा शासननिर्णय निघाला. त्या प्रश्नाच्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दावर मुलाच्या शिक्षणाची वाट अडते किंवा उघडते, हें मात्र आमच्या शाळेंतील पालकांस सांगावयास नको. म्हणूनच एक सूचना. वहींत जें आहे तेंच उतरून घ्यावें. जें असावें असें वाटतें तें घालूं नये, आणि कोणी पैसे घेऊन घालून देतों म्हणाला तर त्याच्या वाटेस जाऊं नये.

कांहीं घरांस ह्या सर्व वह्यांत कांहींच सांपडणार नाहीं, हेंही मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. सालदारानें वीस वर्षें दुसऱ्याचा नांगर धरला तरी साऱ्याच्या वहींत तो नाहीं. बटाईनें करणारा नाहीं. महार वतनाच्या जमिनी, ज्यांस हाडोळा म्हणत, त्या इनामाच्या कागदांत सांपडतात, पण पुष्कळदां समाईक, एकेका माणसाच्या नांवाविना. कुळांस थोडा आधार आहे: १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यान्वयें संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या, तेथें पाहावें. बाकीच्यांनीं म्हाताऱ्या माणसांस विचारावें आणि ऐकलेलें तारीख घालून लिहून ठेवावें. त्यांच्या नातवांस तीच वही होईल.

दिवाळींत आम्हीं तो उतारा घरीं वाचून दाखविला. चुलत्यांस घोडा गेल्याचें दुःख झालें, आणि वाळवीनें खाल्लेल्या वहींत तो असेल असें त्यांचें मत पडलें. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, "अरे, म्हातारीचें म्हणजे माझ्या आजीच्या सासूचें. आजी सांगायची, एक बैल आणि एक जूं. दुसऱ्या बाजूस ती स्वतः लागली होती." हें आम्हांस ठाऊक आहे, असें त्या आजवर कां बोलल्या नाहींत, असें विचारतां त्या म्हणाल्या, कोणीं विचारलें होतें?

मग त्यांनीं तिचें नांव पुन्हा वाचावयास सांगितलें. आम्हीं वाचलें. वंशावळीच्या कागदावर तें मूळपुरुषाच्या शेजारीं लिहिलें आहे, परंतु शिसपेन्सिलीनें. त्या नांवाची दुसरी कोणी बाई त्या नंबरावर नव्हती हें दाखविणारा आणखी एक कागद मिळावयाचा आहे. रुमालाचा दुसरा भाग तालुक्याच्या गांवीं त्यांच्या भाऊबंदांकडे आहे असें कळतें, आणि मे महिन्याच्या सुटींत तिकडे जाण्याचें ठरविलें आहे.